रामटेकनं देशाला पंतप्रधान दिला, हे आपण किती वर्षं सांगत राहणार?

इतवारीकर

नागपुरात पन्नाशीच्या पुढच्या कोणालाही छेडा, 'रामटेकनं देशाला पंतप्रधान दिला' हे ऐकायला मिळतंच. पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, आणि निवडणूक आली की हमखास.

पी. व्ही. नरसिंह राव १९८४ आणि १९८९ असे दोनदा रामटेकमधून लोकसभेवर गेले, हे खरं. पण २१ जून १९९१ ला त्यांनी शपथ घेतली तेव्हा ते रामटेकचे खासदार नव्हते. त्या सालच्या लोकसभा निवडणुकीला ते उभेच राहिले नव्हते. रामटेकमधून तेव्हा तेजसिंहराव भोसले निवडून आले. रावसाहेब शपथेच्या दिवशी ना लोकसभेत होते ना राज्यसभेत. नोव्हेंबरात आंध्रातल्या नंद्यालची पोटनिवडणूक जिंकून ते लोकसभेत आले. मग आपण श्रेय नक्की कशाचं घेतोय?

दुसरं म्हणजे ते 'खेड्यातला साधा पोरगा दिल्लीच्या गादीवर' प्रकरण. वारंगळकडच्या लक्नेपल्लीत जन्म, वंगारा गावात वाढले, इथवर ठीक. पण 'खेड्यातला' म्हटलं की आपण आपसूक 'गरीब' धरून चालतो. तसं होतं का?

आणि खरा प्रश्न हा की खेड्यातला माणूस दिल्लीला पोचला म्हणून खेड्याच्या पदरात काय पडतं? अनुभव असतील तर लिहा. पक्षांची धुणी कृपया इथे धुऊ नका.

वऱ्हाडी ठेचा

काहून भाऊ, सकाळी सकाळी काडी टाकून देल्ली! मले त एवढंच मालूम हाय का आमच्या बुढ्यानं त्याईले मत देल्लं होतं. आता तुमी म्हणता थे आमचे नोहोते. बुढ्याले सांगतो, तुह्यं मत वापस घे म्हणून.

गडमंदिर

इतवारीकर, तपशील बरोबर आहेत, पण थोडी कंजुषी करताय. १९८४ आठवा. इंदिराजींच्या हत्येनंतरची निवडणूक, काँग्रेसची देशभर लाट. रावसाहेब दोन ठिकाणी उभे होते, हनमकोंडा आणि रामटेक. हनमकोंड्यात पडले! भाजपच्या जंगा रेड्डींनी पाडलं. त्या साली भाजपच्या देशभरात दोनच जागा आल्या होत्या, त्यातली एक ही. तेव्हा रामटेकनं हात दिला नसता तर ते त्या लोकसभेत नसते. संरक्षण, मग मनुष्यबळ विकास, मग पुन्हा परराष्ट्र, ही १९८५ नंतरची सगळी खाती त्यांनी रामटेकचा खासदार म्हणून सांभाळली. १९९१ मध्ये त्यांचं नाव पुढे येऊ शकलं ते या सात वर्षांच्या जोरावर.

प्रश्नचिन्ह

गडमंदिर, काँग्रेसनं तेव्हा त्यांना राज्यसभेतून आणलंच असतं हो. असे किती तरी आणले. रामटेक ही 'सुरक्षित जागा' होती म्हणून पाठवलं, बास. साध्या नागपुरी भाषेत पार्सल उमेदवार. आज कुणी बाहेरचा आणून बसवला की आपण बोंब मारतो, आणि तेव्हाचं पार्सल मात्र आपला अभिमान?

मानसी धरमपेठ

पार्सल काय म्हणता! नागपूर त्यांना परकं कधी होतं?

१९३८ साली निजामाच्या राज्यात वंदे मातरम् म्हणण्यावर बंदी आली. ती मोडली म्हणून उस्मानिया विद्यापीठानं विद्यार्थी काढून टाकले, त्यात राव होते. त्या मुलांना घ्यायला निजामाच्या हद्दीतलं कोणी तयार नव्हतं, नागपूर विद्यापीठानं घेतलं. पुढे फर्ग्युसनला पुण्यात शिकले आणि कायद्याची पदवी परत नागपूरचीच. शिवाय मराठी अशी की हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' त्यांनी तेलुगूत नेली, 'अबला जीवितम्' नावानं. आपल्याकडे निवडून येणाऱ्या किती खासदारांनी ही कादंबरी नुसती वाचली असेल, सांगा.

माझ्या मते नागपूरनं श्रेय घ्यायचंच असेल तर मतांचं घेऊ नये. एका काढून टाकलेल्या पोराला परीक्षेला बसू दिलं, याचं घ्यावं.

बुटीबोरी एक्स्प्रेस

मानसीताईंना +१. विद्यापीठानं हल्ली निकाल वेळेवर लावला तरी आम्ही श्रेय देऊ. हलकेच घ्या.

सिरोंचाकडचा

आमच्या बाजूचा विषय निघाला म्हणून लिहितो. नागपूरवाल्यांना सिरोंचा म्हणजे जगाचं टोक वाटतं, पण गोदावरी ओलांडली की पलीकडे त्यांचा मंथनीचा मुलूख. १९५७ पासून वीस वर्षं ते मंथनीचे आमदार होते. त्याआधी १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत पडले होते, हेही सांगायला हवं. आमच्याकडे अर्धी नाती अलीकडे, अर्धी पलीकडे, घरात तेलुगू आणि बाजारात मराठी. तेव्हा पार्सल वगैरे आम्हाला कळत नाही.

आणखी एक. १९४७-४८ मध्ये निजामाविरुद्धचे कार्यकर्ते हैदराबाद संस्थानाच्या सीमेबाहेर राहून काम करत. चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, अशी छावणी होती आणि राव त्या छावणीत होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या तालमीतला माणूस. मराठवाड्यातले शंकरराव चव्हाणही त्याच हैदराबादच्या चळवळीतले, पुढे रावांच्या मंत्रिमंडळात गृहमंत्री झाले. म्हणजे विदर्भाशी त्यांची ओळख निवडणुकीच्या जीपमधून झालेली नाही.

आता इतवारीकरांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. गरीब? मुळीच नाही. लहानपणी दत्तक गेले ते मोठ्या जमीनदार घरात. तेलंगणात तेव्हा देशमुख-जमीनदार म्हणजे काय होतं, ते आमच्या आजोबांच्या पिढीला विचारा. वेठबिगारी होती. त्याच जमिनीवरून पुढे कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा झाला. वंगारा खेडं होतं, पण खेड्यात वाडा असणं आणि खेड्यात झोपडी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रश्नचिन्ह

हेच म्हणायचं होतं. 'ग्रामीण पार्श्वभूमी' हा शब्द आपल्याकडे वाट्टेल त्याला लावतात. शंभर एकरवाल्यालाही आणि शेतमजुराच्या पोरालाही.

काळा कोट

सिरोंचाकडचा यांनी अर्धं सांगितलं, उरलेलं अर्धं जास्त मजेशीर आहे. हाच जमीनदाराचा मुलगा १९७१ मध्ये आंध्रचा मुख्यमंत्री झाला आणि जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचं घोडं त्यानं जोरानं पुढे दामटलं. स्वतःच्या घरची जमीनही त्यात गेली. तेव्हाच्या आंध्रात आमदार आणि मंत्री कोण होते? बहुतेक जमीनवाले. ज्यांच्या जिवावर पक्ष चालतो त्यांच्याच बांधावर पाय दिला. त्यात मुल्की नियमांवरून, म्हणजे नोकऱ्यांत स्थानिकांना राखीव जागा देणाऱ्या नियमांवरून, वाद भडकला, वेगळ्या आंध्र राज्यासाठी जय आंध्र आंदोलन पेटलं आणि जानेवारी १९७३ मध्ये मुख्यमंत्रिपद गेलं.

वकिलीच्या नजरेनं सांगतो, त्या काळात कमाल मर्यादेचे कायदे सगळ्या राज्यांनी केले, आपणही केले. कागदोपत्री वाटण्या, नोकराच्या नावे जमीन, देवस्थानाच्या नावे जमीन, काडीमोड दाखवून बायकोच्या नावे जमीन, हे सगळं आमच्या अशिलांच्या फायलींत अजून सापडतं. कायदा करणाऱ्यानं स्वतः जमीन सोडल्याचं उदाहरण क्वचित.

तेव्हा 'गरीब नव्हता' एवढ्यावर खटला निकाली काढू नका.

निवृत्त मास्तर

चर्चा छान चालली आहे. पण विदर्भातलं खरं उदाहरण सोडून तेलंगणातलं काय धरून बसलात? डॉ. पंजाबराव देशमुख. अमरावती जिल्ह्यातलं पापळ हे गाव. जन्म २७ डिसेंबर १८९८. शेतकऱ्याचं पोर. शेत गहाण ठेवून बापानं विलायतेला पाठवलं, असं आमच्याकडे घरोघरी सांगतात. बॅरिस्टर होऊन आले, वेदवाङ्मयातल्या धर्मावर ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन आले आणि इथं येऊन काय केलं? १९२७ साली अमरावतीचं अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून सत्याग्रह. मग श्री शिवाजी शिक्षण संस्था, जिच्या शाळा-कॉलेजांत आज विदर्भातली अर्धी खेडी शिकली. संविधान सभेत सभासद. १९५२ ते १९६२ केंद्रात कृषिमंत्री.

पूर्व विदर्भातल्या धानवाल्यांनी आपल्या आज्याला विचारावं, जपानी पद्धतीची भातशेती म्हणजे दोरी धरून ओळीत रोवणा, हे खूळ कोणी आणलं. ती मोहीम पंजाबरावांची. आमचे आजोबा आधी हसले होते म्हणे, दोरी धरायला काय ही कपड्याची माप घेण्याची दुकान आहे काय? दुसऱ्या वर्षी शेजाऱ्याची बांधी बघून त्यांनीच दोरी विकत आणली.

१९५९ च्या शेवटी दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरलं, तेही त्यांच्याच पुढाकारानं. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर आले होते. पापळहून सुरू झालेला रस्ता तिथवर गेला. खेड्यातून राष्ट्रीय पदावर म्हणतात ते याला.

वऱ्हाडी ठेचा

मास्तर, तुमाले दंडवत. पन आमच्या पोट्ट्याईले इचारा पंजाबराव कोन, त म्हनते 'अकोल्याचं कॉलेज'. कृषी विद्यापीठाले त्याईचं नाव देल्लं आन् मानूस इसरले.

मानसी धरमपेठ

मास्तर, पंजाबराव मोठेच. पण त्यांच्याकडे सत्ता कृषी खात्याची होती, पंतप्रधानपदाची नव्हती. धाग्याचा प्रश्न वरच्या पायरीचा आहे. तुलना करायची तर यशवंतराव चव्हाणांशी करा. देवराष्ट्रे गावचे, लहानपणीच वडील गेलेले, घरी खरंच हलाखी. उपपंतप्रधान झाले आणि तिथेच थांबले. त्यांच्याकडे मागे महाराष्ट्र होता. रावांच्या मागे ना राज्य होतं ना गट, आणि मला वाटतं म्हणूनच १९९१ मध्ये ते सगळ्यांना चालले. शरद पवारांचं नाव होतं, त्यांच्यामागे आमदार-खासदारांची फौज होती. फौज असणाऱ्याची भीती वाटते.

प्रश्नचिन्ह

शिवाय तब्येत. निवृत्त व्हायच्या बेतात होते, दिल्लीचं सामान आवरायला घेतलं होतं. 'म्हातारा आहे, फार दिवस राहणार नाही' हा हिशेब पक्का. म्हातारा पाच वर्षं पुरला!

काळा कोट

आणि त्या पाच वर्षांतली सुरुवातीची दोन बहुमताशिवाय. पुढे झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना पैसे दिल्याचा खटला झाला, २००० मध्ये शिक्षा, २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातून सुटका. हेही चरित्रात धरा. सगळं गोड गोड नको.

इंदोऱ्याची

गोड गोडचा विषय निघालाच आहे तर मी बोलते. नोव्हेंबर १९८४ मध्ये दिल्लीत शिखांची कत्तल झाली तेव्हा देशाचे गृहमंत्री कोण होते? राव. ६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली तेव्हा पंतप्रधान कोण होते? राव. त्या ६ डिसेंबरला आमच्याकडे लोक महापरिनिर्वाण दिनाला जमले होते, संध्याकाळपर्यंत शहराची हवा पालटली आणि रात्री मोमिनपुऱ्याच्या बाजूनं कोणी जाईना. तेव्हा मी शाळेत होते, पण बाबांचा चेहरा लक्षात आहे.

बुद्धिमान, सतरा भाषा, अनुवादक, सगळं मान्य. पण वेळेला गप्प बसणं हाही त्यांच्या चढण्याचाच भाग होता का? खेड्यातल्या जमीनदाराघरी एक गोष्ट शिकवतात, पंचायत बसली की शेवटी बोलायचं. दिल्लीत ती कामाला आली, अयोध्येत ती महागात पडली. आणि किंमत त्यांनी मोजली नाही.

गडमंदिर

इंदोऱ्याची, तुमच्या प्रतिसादावर वाद घालणार नाही. एवढंच म्हणेन की ६ डिसेंबरच्या आधी त्यांनी उत्तर प्रदेश सरकार बरखास्त करायला हवं होतं की नाही, यावर घटनेचे जाणकारही आजवर भांडतात.

इंदोऱ्याची

भांडू देत. मी जाणकारांचं नाही, बाबांचं सांगितलं.

नवोदयवाला

नेहमी वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही. सगळे रामटेकला काय मिळालं विचारताय आणि कुणालाही नवोदय आठवू नये?

राव मनुष्यबळ विकास मंत्री असताना नवोदय विद्यालयं, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळा, उभी राहिली. प्रयोग म्हणून पहिल्या दोन शाळा काढल्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. नागपूर जिल्ह्याची शाळा नवेगाव खैरीला, पेंचच्या धरणाजवळ. म्हणजे त्यांच्याच मतदारसंघात. मी तिथला.

आमच्या गावात पाचवीला आम्ही सगळी पोट्टी एकाच खोलीत बसायचो, चौथी-पाचवी मिळून. गुरुजींनी फॉर्म भरला, घरी कुणाला विचारलंच नाही. परीक्षा झाली, विसरलो. मग एक दिवस पोस्टमन बाबांना शेतात शोधत आला. आई म्हणाली, अकरा वर्षांचं लेकरू मी कुठंही पाठवणार नाही. बाबांनी विचारलं, पैसे किती? गुरुजी म्हणाले, शून्य. राहणं, जेवण, पुस्तकं, कपडे, सगळं सरकारचं. बाबांचा विश्वासच बसेना. दोन दिवस ते म्हणत होते, यात काहीतरी गोम आहे.

पत्र्याची पेटी घेतली, वर पांढऱ्या ऑइलपेंटनं नाव. पहिल्या रात्री अख्खं वसतिगृह रडत होतं, आणि सगळ्यात मोठ्यानं रडणारा पोरगा आज फौजेत आहे. अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी ही चार सदनं. मी शिवालिक. पहाटे पीटीची शिट्टी झाली की पेंचचं धुकं एवढं असायचं की पुढच्या पोराची पाठ दिसायची नाही. त्याच मैदानावर माझ्या एका बाजूला पारशिवनीच्या मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला मनसरच्या मँगनीज खाणीतल्या मजुराचा. तिघांची चड्डी सारखी, तिघांचं ताट सारखं. नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यात पाठवतात, मला उत्तर प्रदेशात पाठवलं. तिथून आलो ते हिंदीत शिव्या देत आलो, पण भीड कायमची चेपली.

७५ टक्के जागा खेड्यातल्या मुलांना, हा नियम आहे. हा नियम नसता तर त्या सगळ्या जागा धरमपेठ आणि रामदासपेठेच्या शिकवण्यांनी खाल्ल्या असत्या. मानसीताई, रागावू नका.

प्रश्नचिन्ह, पार्सल म्हणा नाहीतर काही म्हणा. माझ्या बाबांनी त्यांना मत दिलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी मात्र त्यांच्या शाळेत जेवलोय.

मानसी धरमपेठ

रागावते कशाला, खरंच आहे. आमच्या गल्लीत तेव्हा चार शिकवण्या होत्या.

बुटीबोरी एक्स्प्रेस

नवोदयवाला, एक नंबर प्रतिसाद. कधीपासून वाचनमात्र आहात? लिहीत जा ना भाऊ.

प्रश्नचिन्ह

प्रतिसाद आवडला. तरी काडी टाकतोच. योजना देशभराची होती. खासदार दुसरा कुणी असता तरी नागपूर जिल्ह्याला नवोदय मिळालंच असतं, कारण धोरणच जिल्ह्यागणिक एक असं आहे. मग 'खेड्यातला माणूस' हा मुद्दा कुठे येतो?

नवोदयवाला

शाळा मिळालीच असती, मान्य. पण नियम कोणी बसवला? राव स्वतः शाळेसाठी लहानपणी नातलगांकडे राहिले, पुढे हनमकोंड्याला गेले. गावात शाळा नसली की काय होतं, हे त्यांनी भोगलं होतं. वाड्यातला मुलगा असूनही. ज्याला हे माहीत नाही तो शहरातच दहा चांगल्या शाळा काढतो आणि खेड्यातल्या मुलांना बसभाड्यात सवलत देतो.

काळा कोट

यात दोन गोष्टींची भर घालतो, दोन्ही रावांच्या काळातल्या.

एक, ७३ वी घटनादुरुस्ती, २४ एप्रिल १९९३ पासून लागू. ग्रामपंचायतीच्या निवडणुका वेळेवर घेणं बंधनकारक झालं आणि एक तृतीयांश जागा बायकांना. कल्पना राजीव गांधींच्या काळातली, तेव्हा राज्यसभेत पडली होती. तडीस गेली ती रावांच्या वेळी.

दोन, खासदार निधी. २३ डिसेंबर १९९३ ला जाहीर झाला. सुरुवातीला वर्षाला पाच लाख, लगेच एक कोटी, १९९८ पासून दोन कोटी आणि २०११ पासून पाच. आज प्रत्येक गावातल्या समाजभवनावर आणि बसथांब्यावर जी संगमरवरी पाटी असते, तिचे जनक हेच. पाटी थांब्यापेक्षा मोठी असते, तो भाग वेगळा.

वऱ्हाडी ठेचा

आमच्या गावाच्या थांब्याले छत नाई, पन पाटी टकाटक हाय! पानी आलं का लोक पाटीच्या आडोशाले उभे रायते.

कन्हानकाठ

काळा कोट यांनी ७३ व्या दुरुस्तीचं काढलं म्हणून. माझी आई सरपंच होती, मौद्याकडच्या एका गावात. आरक्षण निघालं आणि बाबांच्या जागी आईचं नाव लागलं, एवढंच. पहिले काही महिने बाबाच ऑफिसात बसायचे आणि आई घरी सह्या करायची. चुलीजवळ रजिस्टर यायचं, पिठाच्या हातानं कागद खराब होऊ नये म्हणून ती आधी हात धुवायची, पदराला पुसायची, मग सही. सही करायला शिकली होती ती प्रौढ शिक्षणाच्या वर्गात.

मग एकदा पंचायत समितीच्या मीटिंगला बीडीओंनी बाबांना सांगितलं, तुम्ही बाहेर बसा, मॅडम आत. घरी आल्यावर बाबा जेवले नाहीत. आई जेवली. दुसऱ्या दिवसापासून ती रोज ऑफिसात. नळयोजनेच्या पाइपात ठेकेदारानं केलेली लबाडी तिनंच पकडली, कारण घरात पाणी भरणारी तीच होती. धार कुठं बारीक पडते हे बाबांना कधी कळलंच नव्हतं.

ती पुढे कुठं गेली नाही. जिल्हा परिषदेचं तिकीट मागितलं, मिळालं नाही, विषय संपला. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, तिथून मुख्यमंत्री आणि केंद्रात मंत्री झाले, हे आपण कौतुकानं सांगतो. माझ्या आईसारख्या हजारो सरपंच बायका पहिल्या पायरीवरच थांबल्या. वर चढायला जे लागतं, गाड्या, माणसं, घरी स्वयंपाक करणारं दुसरं कुणी, ते वाड्यातल्या मुलाकडे जन्मतः असतं. इतवारीकर, तुमच्या 'खेड्यातला म्हणजे गरीब का' या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर हे.

इंदोऱ्याची

कन्हानकाठ, आईंना नमस्कार सांगा. धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रतिसाद.

निवृत्त मास्तर

सहमत. ठेकेदाराचं पुढे काय झालं?

कन्हानकाठ

काय होणार मास्तर! पाइप बदलून दिले, पुढच्या सरपंचाच्या वेळी परत तोच ठेकेदार.

सिरोंचाकडचा

शेतीचं कुणी बोललं नाही म्हणून आठवण करतो. १९९१ नंतर उद्योगांचं लायसन्स गेलं, जग खुलं झालं. कापूसवाल्याचं काय? आपल्याकडे एकाधिकार खरेदी चालू होती, कापूस राज्य पणनशिवाय दुसऱ्याला विकता येत नव्हता. शेतकरी संघटनेचे शरद जोशी तर डंकेल प्रस्तावाच्या, म्हणजे जागतिक व्यापार कराराच्या मसुद्याच्या, बाजूनं होते, म्हणत होते शेतकऱ्यालाही बाजार खुला करा. आणि दुसरीकडे मोर्चे निघत होते की डंकेल आला तर बियाणं जाईल. आमच्या चुलत्यांनी दोन्ही मोर्चे केले. कुणी बरोबर होतं का, यावर वेगळा धागा काढावा.

प्रश्नचिन्ह

काढू नका, चारशे प्रतिसाद होतील आणि शेवटी सोयाबीनवर जाईल.

इतवारीकर

सगळ्यांचे आभार. वाचून माझं मत असं झालंय. 'रामटेकनं पंतप्रधान दिला' हे चूकच, ते मी पुढेही खोडत राहणार. १९८४ मध्ये बुडणाऱ्याला रामटेकनं काठावर घेतलं, हे गडमंदिर यांचं म्हणणं पटलं. प्रश्नचिन्ह यांचं 'पार्सल' अर्धवट पटलं. इंदोऱ्याची यांच्या बाबांचं जे आहे ते तसंच राहू दे, त्याच्यावर नवोदयची साखर पेरायची नाही.

आणि कन्हानकाठ, तुमच्या प्रतिसादानंतर मला वाटतं की आपण चरित्रं चुकीच्या टोकाकडून वाचतो. दिल्लीला पोचलेला दिसतो, म्हणून मागे वळून त्याचं खेडं शोधतो. त्याच खेड्यातून न पोचलेल्यांना कोण शोधतं?

बुटीबोरी एक्स्प्रेस

धागाकर्ते एवढे समजूतदार असले की मजा येत नाही. निदान पार्सलवर तरी शेवटपर्यंत भांडायचं!

गडमंदिर

जाता जाता, मंडळी रामटेकला आलात तर गडावर फोटो काढून परत पळू नका. खाली अंबाळ्याला या, नगरधनचा किल्ला बघा, वाकाटकांची राजधानी तिथं होती. दिल्लीबिल्लीच्या फार आधी सत्ता आमच्याकडे होती.

वऱ्हाडी ठेचा

घ्या! आता वाकाटकबी रामटेकनंच देल्ले.

पहिल्यांदाच लिहितेय

नवोदयवाला, थोडं विषयाला सोडून विचारते. माझी भाची काटोल तालुक्यातल्या गावी जिल्हा परिषद शाळेत आहे, आत्ता पाचवीत. तिला बसवता येईल का? तिच्या घरी कुणाला काही माहिती नाही आणि शिकवणी लावणं परवडणारं नाही.

नवोदयवाला

नक्की बसवा, पाचवी म्हणजे हेच वर्ष. सहावीसाठी परीक्षा असते आणि मुलगी ज्या जिल्ह्यात शिकते त्याच जिल्ह्याच्या नवोदयला बसता येतं. फॉर्म ऑनलाइन भरतात, फी नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांची सही-शिक्का असलेलं प्रमाणपत्र लागतं, ते आधी घेऊन ठेवा, शेवटच्या दिवशी मुख्याध्यापक हमखास मीटिंगला गेलेले असतात. प्रश्न तीन प्रकारचे, आकृत्यांचे, गणिताचे आणि भाषेचे. पेपर मराठीतून देता येतो, फॉर्म भरताना भाषा मराठी निवडली आहे ना ते एकदा डोळ्यांनी बघा. आकृत्या सगळ्यांत जास्त असतात आणि त्या शाळेत शिकवत नाहीत, त्यामुळे रोज थोड्या सोडवायला लावा. जुने पेपर माझ्याकडे आहेत, व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा, पाठवतो.

पहिल्यांदाच लिहितेय

व्यनि केला आहे.